डाव्या कानातले तीन ठोके

हे घडलेले आहे. मी स्वतः तिथे होतो.

अशा हकिकतीवर ज्या शंका घेतल्या जातात त्या मला ठाऊक आहेत, म्हणून त्यांची उत्तरे आधीच देतो. रात्र नव्हती. मंगळवारची दुपार होती आणि पावणेतीन वाजले होते. ऊन स्वच्छ होते. मला ताप नव्हता, कोणतेही औषध चालू नव्हते, आणि दारू मी आयुष्यात घेतलेली नाही. त्याच्या मिनिटभर आधीच मी भिंतीवरचे घड्याळ पाहिले होते.

जागा म्हणजे आमच्या लाकडाच्या वखारीचे मागचे आवार.

आणि दादाला जाऊन त्या दिवशी अकरा आठवडे झाले होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वखार आम्ही दोघे मिळून चालवत असू. पुढे लाकूड चिरायचा आरा, मध्ये फळ्यांच्या थप्प्या, मागे आवार आणि आवाराला लागून दादाचे घर. घराच्या स्वयंपाकघराची खिडकी आवारात उघडते. मी एकटा माणूस. आऱ्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो आणि जेवायला दादाकडे जातो.

आलेल्या ओंडक्याच्या फळ्या करायच्या की सरपण, हे आमच्याकडे कानाने ठरत असे. एकाने एका टोकाला कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकायचे, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला कान लावायचा. गाभा शाबूत असेल तर वीस फुटांवरचा हलका ठोकाही कानाशी चुटकी वाजवावी इतका स्पष्ट येतो. आत कुजलेले असेल तर तो वाटेतच बुडतो.

दादा ठोकायचा. मी ऐकायचो.

सव्वीस वर्षे.

त्याचे ठोके ठरलेले होते. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक.

टक, टक... टक.

मी हात वर केला तर फळ्या. तळवा ओंडक्यावर टेकवला तर सरपण. तोंडाने काही बोलायचे नाही, कारण पुढे आरा चालू असला की बोललेले पोहोचतच नसे.

वखारीत मला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे मला 'कान' म्हणत. "कान कुठंय?" "कान जेवायला बसलाय." एका नव्या गिऱ्हाइकाने हे ऐकून अगदी गंभीरपणे विचारले होते, "आणि बाकीचा माणूस?" दादा ते आठवून आठवडाभर हसत होता.

आता जे आजवर लिहिले नव्हते ते लिहितो.

त्या मंगळवारच्या आठ वर्षे आधी माझा डावा कान गेला. आऱ्याकडे तोच कान असायचा. एका दिवसात गेला नाही. हळूहळू, कोणी दिव्याची वात खाली करत जावी तसा गेला. उजवाही अर्धाच उरला. समोर उभे राहून कोणी बोलले तर समजते, कारण ओठ दिसतात. लाकडातला ठोका मात्र समजत नाही.

मी कोणालाही सांगितले नाही. नेहमीप्रमाणे डावा कान टेकवायचो, मनात तीनपर्यंत मोजायचो, आणि सालीचा पोत, कापाचा रंग, वास यांवरून हात वर करायचा की टेकवायचा ते ठरवायचो. माझा अंदाज सहसा चुकत नसे.

निदान मी तसे समजत होतो.

आवाराच्या कडेला भिंतीजवळ एक झाड होते. दोघांच्या कवेतही मावणार नाही एवढे. दादाला त्याच्या एका अखंड फळीचे जेवणाचे टेबल करायचे होते. बारा माणसांचे. जेवणारे आम्ही तिघे. तो, वहिनी आणि मी. "उरलेल्या नऊ जागा कोणाला?" असे वहिनींनी विचारले की तो म्हणे, "आधी टेबल तर होऊ दे, माणसं येतील."

उभे झाड पाडण्याआधीही ते ऐकून घ्यावे लागते. गाभा भक्कम असेल तर झाड आपण खाच पाडलेल्या बाजूला पडते. पोकळ असेल तर ते कोणत्या बाजूला जाईल याचा नेम नाही.

त्या दिवशी आरा बंद होता. आरा चालवणारा मिस्त्री बहिणीकडे गेला होता. दादाने मला बोलावले. तो खोडाच्या पलीकडे, मी अलीकडे. खोड एवढे रुंद की तो मला दिसत नव्हता.

मी डावा कान लावला.

दोन... आणि एक, असे मनाशी मोजले.

हात वर केला.

"नक्की?" दादाने पलीकडून डोके काढून विचारले.

सव्वीस वर्षांत त्याने असे कधी विचारले नव्हते. मी हात आणखी उंच केला.

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं. तू वर जा, चहा टाक. मी आलोच."

झाड पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. तळपायांना धक्का जाणवला. खिडकीपाशी गेलो तेव्हा झाड आवारात आडवे होते, आणि त्याचा बुंधा मागे उसळून भिंतीवर आदळला होता.

दादा मध्ये होता.

चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, हेही मी पाहिले. ती मी बंद केली. मग खाली गेलो.

खोडाला जॅक लावून ते हातभर पुढे सरकवले, दादाला बाहेर काढले आणि जॅक सोडला. खोड पुन्हा मागे जाऊन भिंतीला टेकले. मागे उरलेल्या बुडख्याच्या मधोमध मूठ जाईल एवढे भोक होते.

चौकशीला आलेल्या माणसाने विचारले, "पाडायच्या आधी ऐकून घेतलं नव्हतं का?"

"मला बोलावलं नव्हतं," मी म्हणालो.

वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. कोणाकडेच पाहिले नाही.

पुढच्या अकरा आठवड्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मी वखार उघडत होतो आणि बंद करत होतो. जेवत होतो, पण पानात काय होते ते हात धुवेपर्यंत आठवत नसे. एकदा फळीची टोकदार ढलपी बोटात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली, ती मिस्त्रीने दाखवली तेव्हा मला कळली. दुःख म्हणतात ते याहून वेगळे असावे. मी त्याची वाट पाहत होतो.

खोड आवारात तसेच पडून होते. फांद्या आणि शेंडा मिस्त्रीने कापून नेले होते. शेंड्याकडचा काप पांढराशुभ्र आणि निरोगी दिसत होता. खाली पोकळ, वर चांगले. मधले वीस फूट कसे होते ते कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या मंगळवारी जेवताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते झाड आता हलवा."

मी मान हलवली.

"टेबल होणार असेल तर करू. होणार नसेल तर जाळून टाकू. पण भांडी घासताना रोज समोर तेच दिसतं. मला काहीतरी एक सांगा."

"पाहून सांगतो."

"पाहून नको, ऐकून सांगा. त्या दिवशी त्यांनी तुम्हाला हाक मारली असती तर..." त्या थांबल्या. "एवढा जपून काम करणारा माणूस आणि त्याच दिवशी कशी घाई केली, कोण जाणे. जाऊ दे. तुम्ही भात घेतलाच नाही."

मी भात घेतला.

काय सांगायचे ते माझे जेवतानाच ठरले होते. सरपण. फळ्या म्हटले तर आरा खरेखोटे करून दाखवतो. खोड उभे चिरले की आतले सगळे समोर येते आणि त्याबरोबर माझा कानही. सरपण म्हटले की कोणी तपासत नाही. कुऱ्हाडीने तुकडे पडतात, जळतात, राख होते. कान टेकवायचा, शोभेल इतका वेळ थांबायचे, तळवा खोडावर ठेवायचा. एवढेच करायचे होते.

मिस्त्रीला ठोकायला सांगितले. बुंधा भिंतीला चिकटलेला असल्यामुळे त्याला खोडाला वळसा घालून पलीकडून, कडेवर ठोकावे लागणार होते. तो "आलोच" म्हणून गेला. मी शेंड्याकडे गुडघ्यांवर बसलो. वहिनी खिडकीत उभ्या होत्या.

मी डावा कान लावला.

लाकूड थंड होते. ऊन डोक्यावर असूनही थंड होते.

आणि मग...

टक, टक.

मी श्वास रोखला.

...टक.

आठ वर्षांत त्या कानाने एकही आवाज ऐकलेला नव्हता. मोटारीचा भोंगा नाही, आऱ्याची किंकाळी नाही, फटाका नाही. आणि आता तीन ठोके, चुटकी वाजवावी इतके स्पष्ट. दोन लागोपाठ. मग तेवढाच थांबा, जेवढा दादा थांबायचा.

तो थांबा दुसऱ्या कोणाला जमत नसे.

माझा हात वर गेला. मी वर केला असे म्हणणे बरोबर होणार नाही. सव्वीस वर्षांची सवय होती. स्वच्छ ठोका आला की हात वर जातो. ठरवलेले माझ्या लक्षात येण्याआधीच तो डोक्याच्या वर होता.

खिडकीतून वहिनींनी पाहिले. त्यांनी मान हलवली, पदराने डोळे टिपले, खिडकी लावून घेतली.

"हात कोणाला दाखवताय, कान?"

मिस्त्री माझ्या उजव्या कानाशी वाकून बोलत होता. तो अवजारांच्या खोलीकडून येत होता.

मी उठून त्याच्याकडे वळलो. "तुम्ही ठोकलं ना?"

"कशानं? डोक्यानं?" तो म्हणाला. "हातोडाच सापडत नव्हता. हा काय, आत्ता मिळाला."

मी धावत बुंध्याकडे गेलो. तिथे कोणी नव्हते. भिंत आणि खोड यांच्या फटीत मी बोट घालून पाहिले, शिरले नाही. भिंतीला दार-खिडकी काही नाही आणि तिच्यामागे उभ्या उताराचा खड्डा आहे. खोडावर अकरा आठवड्यांची धूळ होती. बुंध्याजवळ तिच्यावर एकही ठसा नव्हता.

"ठोका," मी मिस्त्रीला म्हणालो आणि परत येऊन कान लावला.

काही ऐकू आले नाही. त्याने ठोकले की नाही तेही मला सांगता येणार नाही. खूप वेळाने तो समोर येऊन उभा राहिला.

"मी एकदा ऐकू का?"

"सव्वीस वर्षं मीच ऐकतोय," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि हातोडा ठेवायला गेला.

हात परत खाली घेता येत होता. वहिनींना जाऊन सांगता आले असते की चूक झाली. पण जो ठोका मी खरोखर ऐकला होता तो आठ वर्षांत हा एकच, आणि नेमका तोच खोटा ठरवायचा कसा? मी रात्रभर जागाच होतो. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हते.

गुरुवारी सकाळी खोड आऱ्यावर चढवले. वहिनी पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात दादाने काढलेला टेबलाचा कागद होता, मापांसकट.

पहिला काप बाहेरचा होता. चांगला निघाला.

दुसऱ्या कापाला पाते आत शिरले आणि मिस्त्रीचा चेहरा बदलला. लाकूड विरोध करेनासे झाले की आऱ्याचा आवाज पडतो, असे म्हणतात. मला तो चेहऱ्यांवरूनच कळतो.

फळी बाजूला झाली.

आत लाकूड नव्हतेच. तपकिरी, ओला, बोटाने उकरता येईल असा चुरा होता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. फक्त शेवटची दीड वीत तेवढी शाबूत होती, झाकणासारखी.

बाहेरच्या निरोगी कवचातून ठोका आला असेल, असे कोणी म्हणेल. मिस्त्रीनेही तेच ताडून पाहिले. उरलेल्या खोडाच्या शेंड्याला त्याने स्वतःचा कान लावला आणि एका हमालाला घणाने ठोकायला लावले, एकदा नाही, पाच वेळा.

"काही नाही," तो म्हणाला. "गादीवर मारल्यासारखं. यातून ठोका येणं शक्य नाही."

वहिनी खाली उतरून आल्या. "भाऊजी, तुम्ही हात वर केला होतात."

"हो."

"काय ऐकलंत?"

"ठोके."

त्यांनी मिस्त्रीकडे पाहिले. तो माझी नजर टाळत म्हणाला, "वहिनी, मी ठोकायच्या आधीच यांचा हात वर होता."

 वहिनी माझ्या डाव्या बाजूला, थोड्या मागे गेल्या. मी समोर भुशाकडे पाहत होतो. अचानक मिस्त्रीने मान वर केली आणि आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. हमालानेही पाहिले.

वहिनी पुन्हा माझ्या समोर आल्या.

"मी काय म्हणाले आत्ता?"

 त्या काय म्हणाल्या ते मला आजही ठाऊक नाही. मिस्त्री सांगत नाही.

"केव्हापासून?" त्यांनी विचारले.

"आठ वर्षं."

कागदाची घडी त्यांच्या हातात लहान लहान होत गेली.

"त्या दिवशी त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं?"

खोटे बोलणे अजूनही शक्य होते. झाड ऐकताना तिथे आम्ही दोघेच होतो.

"हो," मी म्हणालो. "मी हात वर केला."

वहिनी ओरडल्या नाहीत. मला वाटले होते, ओरडतील. निदान तेवढे तरी मला ऐकू येईल.

बोलला तो मिस्त्री. "मोठ्यांना, तुमच्या दादांना, ठाऊक होतं."

"काय?"

"तुमच्या कानाचं. चार वर्षं तरी झाली. तुम्ही हात वर करायचात, मोठे मान हलवायचे. तुम्ही जेवायला गेलात की आम्ही दोघं तोच ओंडका पुन्हा ऐकायचो. मोठे तर शेवटी शेवटी तुमच्यासमोर ठोकतही नव्हते. नुसता हात हलवायचे."

"मला का नाही सांगितलंत?"

"मी म्हटलं होतं मोठ्यांना, सांगून टाका एकदा. तर म्हणाले, वखारीत त्याला कान म्हणतात. तो काढून घेतला तर त्याच्याजवळ उरतं काय?" मिस्त्रीने तोंड पुसले. "त्या दिवशी मी असतो तर... मी नव्हतो. दुसरं ऐकायला कोणी नव्हतं."

म्हणजे "नक्की?" असे त्याने विचारले होते ते यासाठी.

आणि मी हात आणखी उंच केला होता.

त्या दिवशी खोडापलीकडे त्याने ठोकले तरी होते का, की सवयीने हात हलवला होता, हे आता कोणीच सांगू शकत नाही. कदाचित मी नुसत्या शांततेला हात वर केला असेन.

"सरपण करा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्याचं. त्या चांगल्या फळीचंसुद्धा." मग माझ्याकडे पाहून, "आणि घरी आणून तुम्ही टाकायचं. दुसऱ्या कोणी नाही."

मी ते केले. दर शनिवारी एक हातगाडी. दारात रचून ठेवायचो. वहिनी आतून कडी काढत, मोळी आत घेत, कडी लावत. जेवणाचा डबा उंबऱ्यावर ठेवलेला असे. सगळे सरपण संपायला चौदा महिने लागले.

मी कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी डाव्या कानाशी नादकाटा वाजवला, कानामागच्या हाडावर टेकवला, यंत्र लावले. शीर पूर्ण मेलेली आहे, या कानात काहीही येणे शक्य नाही, असे त्यांनी लिहून दिले. तो कागद मी जपून ठेवला आहे. कोणाला पाहायचा असेल तर दाखवीन.

शेवटचे लाकूड जळून आता दीड वर्ष झाले. बुडखाही उपटून जाळला. आवार मोकळे आहे. वहिनींची खिडकी पुन्हा उघडी असते.

तरीही दुपारी मी उशीवर डाव्या कुशीला वळलो, किंवा भिंतीला डोके टेकले, किंवा नुसते लिहिता लिहिता टेबलावर गाल ठेवला की...

टक, टक.

मग तो थांबा.

...टक.

त्यानंतर काही नाही. पण ती शांतता रिकामी नसते. पलीकडे कोणीतरी डोके काढून माझ्या हाताकडे पाहत असावे, तशी ती असते. हात वर गेला की काय होते ते मी पाहिले आहे. तळवा टेकवला तर काय होईल ते मला ठाऊक नाही. म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो, ठोके थांबेपर्यंत.

हे लिहितानाही दोनदा बसावे लागले.

दादा वाट पाहतो, हे मी समजू शकतो. त्याला उत्तर हवे असेल. मला समजत नाही ते वेगळेच आहे. त्या झाडाची ढलपीही आता कुठे शिल्लक नाही.

मग तो ठोकतो आहे ते कशावर?